स्टेंट नाही, बायपास नाही, तरी छाती दुखतेच : ईईसीपी उपचार घेण्याआधी, घेताना आणि नंतर

अँजिओग्राफीची सीडी बाजूला ठेवून डॉक्टर म्हणतात, "आता करण्यासारखं काही उरलं नाही, गोळ्या चालू ठेवा." हे ऐकून घरी परतलेल्या रुग्णाच्या मनात त्या वाक्याचा अर्थ फार मोठा होतो. प्रत्यक्षात तो छोटा असतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या इतक्या बारीक झाल्या आहेत किंवा इतक्या ठिकाणी अरुंद झाल्या आहेत, की तिथे स्टेंट बसत नाही आणि बायपासचा टाका घालायला जागा मिळत नाही. डॉक्टरांना सांगायचं असतं ते एवढंच. अनेकांचा बायपास एकदा, कधी दोनदा होऊन गेलेला असतो आणि पुन्हा छाती उघडणं धोक्याचं असतं. औषधं पूर्ण मात्रेत चालू असतात, तरी दोन खोल्यांमधलं अंतर चाललं की छातीत आवळतं. हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं आणि तपासण्यांत हृदयाला रक्त कमी पडत असल्याचा पुरावा मिळाला, तर त्याला रिफ्रॅक्टरी अंजायना म्हणतात (अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारं दुखणं). आपण त्याला हट्टी अंजायना म्हणू.

आधी भीतीबद्दल बोलायला हवं, कारण हे रुग्ण वेदनेइतकेच भीतीनेही घरात कोंडले जातात. अमेरिकेतल्या मिनियापोलिस इथल्या एका केंद्राने अशा १,२०० रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षातलं मृत्यूचं प्रमाण ३.९ टक्के होतं आणि नऊ वर्षांनंतरही सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात होते. म्हणजे बहुतेकांपुढे वर्षानुवर्षांचं आयुष्य आहे. ते कसं जाणार, हा खरा प्रश्न आहे. शस्त्रक्रियेविना मिळणारी ईईसीपी ही उपचारपद्धती या प्रश्नाचं एक उत्तर आहे. तिचं पूर्ण नाव एन्हान्स्ड एक्स्टर्नल काउंटरपल्सेशन. ती ब्लॉकेज उघडत नाही. ती दुखणं कमी करू शकते आणि चालण्याची ताकद वाढवू शकते. ही गोष्ट पक्की लक्षात असली तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

पहिलं पाऊल : अंजायना खरोखर हट्टी आहे का, ते तपासा

मला वाटतं, सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. हट्टी ठरवलेला बराचसा अंजायना तसा नसतो. त्याला चिथावणारं काहीतरी दुसरीकडे असतं. हिमोग्लोबिन कमी असेल, तर रक्तवाहिनी तेवढीच राहूनही हृदयाला ऑक्सिजन कमी मिळतो. थायरॉइड वाढलेलं असेल, बीपी आटोक्यात नसेल, नाडी सतत जलद किंवा अनियमित असेल, रात्री घोरताना श्वास अडत असेल, सिगारेट चालू असेल, तर यातलं प्रत्येक कारण छातीतलं दुखणं वाढवतं. रक्ताच्या साध्या तपासण्या, बीपीच्या घरच्या नोंदी आणि ईसीजी एवढ्यावर यातलं बरंचसं उघड होतं.

मग औषधांची यादी घेऊन बसा. बीटा ब्लॉकर, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि लाँग अॅक्टिंग नायट्रेट हे जुने आधारस्तंभ. त्यांच्या जोडीला रॅनोलाझिन, निकोरँडिल, इव्हाब्रॅडिन, ट्रायमेटाझिडिन. सगळीच सगळ्यांना चालत नाहीत. विचारायचं ते हे : जी चालू आहेत ती पूर्ण मात्रेत आहेत का आणि जी नाहीत ती का नाहीत? नायट्रेटच्या गोळीची वेळ फार वेळा चुकते. शरीराला चोवीस तास नायट्रेट मिळत राहिलं तर त्याचा परिणाम बोथट होतो. म्हणून दिवसातले दहा ते चौदा तास मोकळे ठेवावे लागतात. "दिवसातून दोनदा" म्हणून बारा-बारा तासांनी गोळी घेणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

अँजिओग्राफी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. शक्य असेल तर अँजिओप्लास्टी करणारे आणि बायपास करणारे अशा दोघांनी ती एकत्र पाहावी. एकाला अशक्य वाटलेलं काम दुसऱ्याच्या हातचं असू शकतं. विशेषतः डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असेल आणि शस्त्रक्रिया शक्य असेल, तर ती टाळण्यासाठी ईईसीपी घेऊ नये. तिथे बायपासने आयुष्य वाढतं, ईईसीपीने ते वाढल्याचा पुरावा नाही. "नैसर्गिक बायपास" असं या उपचाराचं वर्णन कानावर पडलं, तर हा फरक आठवा.

कधी मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ दिसतात आणि तरीही अंजायना खरा असतो, कारण दोष सूक्ष्म रक्तवाहिन्यांत असतो. बायकांमध्ये हे जास्त आढळतं आणि "टेन्शन आहे" म्हणून त्यांची बोळवणही जास्त होते. त्यांची तपासणी वेगळी असते, औषधांची निवडही वेगळी असते. ती मागून घ्या.

दुसरं पाऊल : दोन आठवड्यांची वही

उपचार सुरू होण्याआधी दोन आठवडे एका साध्या वहीत रोज चार गोष्टी लिहा : किती वेळा दुखलं, काय करताना दुखलं, किती मिनिटं टिकलं आणि जिभेखालची गोळी किंवा स्प्रे किती वेळा लागला. "बरं वाटतं" आणि "बरं वाटत नाही" हे शब्द सात आठवड्यांनंतर काहीच सांगत नाहीत. "जिन्याच्या अकराव्या पायरीवर थांबावं लागलं" ही नोंद सांगते.

डॉक्टर हेच कॅनेडियन श्रेणीत मोजतात. पहिल्या श्रेणीत फक्त जोराच्या श्रमाने दुखतं. दुसरीत भरभर चालताना, चढावर किंवा एकाहून जास्त जिने चढताना दुखतं. तिसरीत नेहमीच्या चालीने एक जिना चढतानाही दुखतं. चौथीत कुठलीही हालचाल दुखल्याशिवाय होत नाही, बसल्याबसल्याही दुखतं. सुरुवातीची श्रेणी फाइलवर लिहून घ्या. सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं, ती चाचणीही करून घ्या. ट्रेडमिल चाचणी झेपत असेल तर उत्तमच.

यंत्र नेमकं काय करतं

शरीराच्या इतर अवयवांना हृदय आकुंचन पावताना रक्त मिळतं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या बाजूला, ते बहुतांशी हृदय सैलावताना मिळतं, कारण आकुंचनाच्या वेळी त्या स्नायूच्या आतल्या रक्तवाहिन्या स्वतःच आवळलेल्या असतात. ईईसीपी नेमकी ही सैलावण्याची वेळ साधते.

रुग्ण पलंगावर आडवा होतो. पोटऱ्या, मांड्यांचा खालचा भाग आणि मांड्यांचा वरचा भाग व नितंब, अशा तीन जागी बीपीच्या पट्ट्यासारखे पण बरेच रुंद कफ बांधतात. छातीवर ईसीजीच्या तारा लावतात, बोटाला नाडी टिपणारा चिमटा. हृदय सैलावू लागलं की कफ खालून वर क्रमाने फुगतात : आधी पोटऱ्या, मग मांड्या, मग नितंब. पायांतलं रक्त महाधमनीतून उलट हृदयाकडे रेटलं जातं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरचा दाब नेमक्या गरजेच्या वेळी वाढतो. पुढचं आकुंचन सुरू होण्याच्या क्षणभर आधी सगळे कफ एकदम सुटतात. पायांतल्या रिकाम्या झालेल्या रक्तवाहिन्या रक्त ओढून घेतात, म्हणून हृदयाला कमी जोर लावावा लागतो. प्रत्येक ठोक्याला हेच. नाडी सत्तर धरली तर पूर्ण कोर्समध्ये पाय सुमारे दीड लाख वेळा दाबले जातात.

अतिदक्षता विभागात महाधमनीत फुगा सोडून हेच तत्त्व वापरतात. बाहेरून तेच साधण्याची कल्पना अमेरिकेत १९५०-६० च्या दशकांत पुढे आली, पण तेव्हाची पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रं अवजड होती. क्रमाने फुगणारे हवेचे कफ चीनमधल्या ग्वांगझोच्या डॉक्टरांनी विकसित केले आणि आजचं यंत्र त्यावरच उभं आहे. अमेरिकेच्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने १९९५ मध्ये त्याला अंजायनासाठी मान्यता दिली.

यंत्र थांबल्यावरही फायदा का टिकतो? वेगाने वाहणारं रक्त रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला घासतं. त्यामुळे अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं आणि रक्तवाहिन्या सैलावायला शिकतात. ब्लॉकेजला वळसा घालणाऱ्या बारीक वाटा रुंदावतात, असाही एक विचार आहे. व्यायामाने होतो तसा परिणाम हातापायांच्या रक्तवाहिन्यांवरही होतो. यातला कुणाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

पुरावा किती, हेही स्पष्ट सांगायला हवं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मस्ट-ईईसीपी चाचणीत १३९ रुग्ण होते. निम्म्यांना खरा दाब दिला, निम्म्यांना नुसता दिखाऊ, कमी दाब. खरा उपचार मिळालेल्यांमध्ये अंजायनाचे झटके कमी झाले आणि व्यायामाच्या वेळी हृदयाला रक्त कमी पडल्याचे बदल ईसीजीत दिसायला जास्त वेळ लागला. मात्र एकूण व्यायामाचा कालावधी दोन्ही गटांत वाढला आणि त्यात ठोस फरक पडला नाही. नंतर हजारो रुग्णांच्या नोंदवहीत सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांची श्रेणी किमान एका पायरीने सुधारलेली दिसली. पण त्या नोंदवहीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणूनच युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार "विचार करता येईल" या पायरीवर होता, "करावाच" या पायरीवर नव्हता. माझ्या मते, दुसरा मार्ग न उरलेल्या आणि रोज दुखणाऱ्या माणसासाठी एवढा पुरावा प्रयत्न करून पाहायला पुरेसा आहे. ज्याला सोपा, सिद्ध मार्ग उपलब्ध आहे, त्याच्यासाठी तो पुरेसा नाही.

तिसरं पाऊल : हा उपचार आपल्याला चालेल ना?

खालीलपैकी काही असेल, तर कफ बांधण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलायलाच हवं. यातल्या बऱ्याच गोष्टी असतील तर उपचार होतच नाही.

महाधमनीची झडप मध्यम किंवा जास्त गळत असेल, तर उलट रेटलेलं रक्त थेट हृदयात शिरतं. हे सर्वांत महत्त्वाचं, म्हणून अलीकडची इको तपासणी पाहिल्याशिवाय कुणी उपचार सुरू करत असेल तर तिथून उठावं. पोटातल्या महाधमनीला फुगा आलेला असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल किंवा नुकतीच होऊन गेली असेल, पायांच्या धमन्या खूप अरुंद असतील, पायावर उघडी जखम असेल, तर नाही. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणतात. हार्ट फेल्युअरमुळे पाणी साठून दम लागत असेल, तर आधी तो सावरतात, कारण पायांतलं रक्त एकदम हृदयाकडे आलं की फुफ्फुसांत पाणी भरू शकतं. गरोदरपणात हा उपचार देत नाहीत.

नाडी फार अनियमित असली तर यंत्राला ठोक्याची वेळ साधता येत नाही. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) असून नाडीचा वेग ताब्यात असेल, तर अनेकदा जमतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सांगा. वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ झालं आहे ते दाखवणारा आकडा) ३ च्या वर असताना उपचार टाळतात. मांडीतून अँजिओग्राफी झाली असेल तर तिथली जागा भरून यायला एक-दोन आठवडे जाऊ द्यावेत. पेसमेकर असणाऱ्यांना सहसा अडचण येत नाही. मात्र शरीराची हालचाल ओळखून वेग वाढवणारा पेसमेकर पलंगाच्या धक्क्यांना व्यायाम समजून बसतो. ती सोय कोर्सपुरती बंद करून घ्यावी लागते.

केंद्र निवडताना चारच प्रश्न पुरेत. देखरेख हृदयरोगतज्ज्ञ करतात का? सेशन चालू असताना प्रशिक्षित माणूस खोलीत असतो का? तातडीची सोय आहे का? आणि माझ्या नाडीचा आलेख मला दाखवाल का? शेवटच्या प्रश्नाकडे परत येऊ.

चौथं पाऊल : पस्तीस तास

ठरलेला कोर्स ३५ तासांचा. रोज एक तास, आठवड्यातले पाच दिवस, सात आठवडे. काही ठिकाणी दिवसातून दोन सेशन देऊन तो निम्म्या वेळात उरकतात. रोजच्या येण्याजाण्याची व्यवस्था आधीच लावा. कोर्स अर्धवट सुटण्यामागे पुष्कळदा पायांपेक्षा प्रवासाचा कंटाळा असतो, आणि पहिला कोर्स अर्धवट सोडलेल्यांना पुन्हा उपचाराची गरज जास्त पडते.

जाण्याच्या दीड-दोन तास आधी हलकं खा. भरल्या पोटी आडवं पडून दाब सहन होत नाही. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, उपाशीही जाऊ नये. लघवीला जाऊन या. पायांतलं रक्त वर ढकललं गेलं की लघवी लवकर लागते आणि तासाच्या मध्ये उठावं लागतं. लघवीची गोळी चालू असेल तर ती सेशननंतर घेता येईल का, ते विचारा. नेहमीची इतर औषधं स्वतःहून थांबवू नका.

कफच्या खाली अंगाला चिकटून बसणारी, सुरकुती न पडणारी तंग विजार घालतात. मला विचाराल तर ही छोटी गोष्ट अख्ख्या कोर्सचं भवितव्य ठरवते. एक सुरकुती, एक शिवण, खिशात राहिलेलं एक नाणं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे ओरखडा. विजार खेचून गुळगुळीत करा, हवं तर दोन घाला. हाडांवर आणि गुडघ्याच्या मागे मऊ पट्टी ठेवायला सांगा. घरी आल्यावर चांगल्या उजेडात दोन्ही पाय पाहा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी असेल तर हे काम घरच्या माणसाने करावं, कारण फोड आला तरी रुग्णाला कळत नाही.

पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं. अंग प्रत्येक ठोक्याला वर उचललं जातं, कुणाला लाटांवर पडल्यासारखं वाटतं, कुणाला मळमळतं. दाब पहिल्या दिवसापासून पूर्ण देत नाहीत, सोसेल तसा वाढवत पाऱ्याच्या २५०-३०० मिलिमीटरपर्यंत नेतात. दुखत असेल तर दात आवळून सहन करू नका, लगेच बोला. बहुतेकदा कफ पुन्हा नीट बांधला की दुखणं थांबतं. मस्ट-ईईसीपीमध्ये खरा उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना काही ना काही त्रास झाला. त्यातला बराचसा पायदुखी, कंबरदुखी, ओरखडे, काळेनिळे डाग अशा स्वरूपाचा होता. असा त्रास होणार, हे धरूनच चाला.

आता तो आलेख. बोटाच्या चिमट्यातून पडद्यावर नाडीच्या लाटा दिसतात. यंत्र चालू झालं की प्रत्येक मूळ लाटेमागे दुसरी लाट उभी राहते. ती कफमुळे उलट आलेल्या रक्ताची. ही दुसरी लाट पहिलीच्या बरोबरीला किंवा वर जावी, असा प्रयत्न असतो. ती बुटकी राहिली तर कफ सैल आहेत, वेळ चुकली आहे किंवा दाब कमी आहे, असं असू शकतं. रुग्णाने पडद्याकडे पाहायला शिकावं. "आज दुसरी लाट खाली का?" हा प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाचे कफ नीट बांधले जातात. वयस्कर माणसांच्या ताठर धमन्यांमध्ये ती लाट फारशी चढत नाही, पण तेवढ्यावरून उपचार वाया गेला असं समजू नये. अशांनाही फरक पडलेला दिसतो.

हार्ट फेल्युअर असणाऱ्यांनी रोज सकाळी वजन करावं. एक-दोन दिवसांत ते झपाट्याने वाढलं, पाय सुजले किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या सेशनआधी डॉक्टरांना कळवायचं. बीपीही लिहीत राहा. काहींचं ते कोर्सच्या मध्यावर उतरतं आणि गोळ्यांची मात्रा कमी करावी लागते.

फरक सहसा लगेच कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच न जाणवणं नेहमीचं आहे. वही चालू ठेवा.

मध्येच छातीत दुखलं तर

चालणं थांबवा, बसा. जिभेखाली नायट्रोग्लिसरिनची गोळी किंवा स्प्रे घ्या. उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत दुखणं ओसरलं नाही, वाढत गेलं, घाम फुटला किंवा नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पूर्वी श्रमाने दुखायचं आणि आता बसल्याबसल्या किंवा झोपेत दुखू लागलं, तर तो हट्टी अंजायना राहिला नाही. तो अस्थिर झाला आहे. अशा वेळी ईईसीपीचं सेशन गाठायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

आणखी एक गोष्ट संकोचामुळे सांगायची राहून जाते. लैंगिक समस्येसाठी सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास नायट्रेट, म्हणजे जिभेखालची गोळी किंवा स्प्रेसुद्धा, घ्यायचं नाही. बीपी जिवावर बेतेल इतकं उतरू शकतं. ही औषधं घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पाचवं पाऊल : पुन्हा मोजा

कोर्स संपल्यावर सहा मिनिटांची चाल पुन्हा मोजा, श्रेणी पुन्हा लिहा आणि आणखी दोन आठवडे तीच वही भरा. आधीच्या पानांशेजारी नवी पानं ठेवून डॉक्टरांना दाखवा. उत्साहाच्या भरात औषधं कमी करू नका. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन दुखण्यासाठी नसतात, ती हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी असतात आणि ती चालूच राहतात. कमी करायचंच तर नायट्रेटपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

मिळालेली ताकद वापरली नाही तर ती जाते. देखरेखीखालचा हृदयाचा व्यायाम, ज्याला कार्डिॲक रिहॅब म्हणतात, सुरू करायला याहून चांगली वेळ नाही. आधी पाच-दहा मिनिटं सावकाश चालून अंग तापवायचं, मग वेग वाढवायचा. एकदम भरभर चालू लागलं की तेच हृदय लवकर तक्रार करतं.

फायदा झालेल्या अनेकांमध्ये तो दोन वर्षांनंतरही टिकलेला नोंदींत दिसतो. दोन वर्षांत पाचापैकी साधारण एकाला पुन्हा कोर्स घ्यावा लागतो आणि तो घेता येतो. वहीत काहीच बदललं नसेल तर तेही मान्य करून पुढच्या मार्गाकडे वळायचं.

त्याच वाटेवरचे इतर उपचार

कमी ताकदीच्या शॉक वेव्हचा उपचारही बाहेरूनच होतो. मूतखडा फोडताना वापरतात त्याच्या सुमारे एक दशांश ताकदीच्या लहरी, इकोने जागा पाहून, रक्त कमी पडणाऱ्या हृदयाच्या भागावर सोडतात. नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटाव्यात, हा हेतू. जपानच्या तोहोकू विद्यापीठात यावर बरंच मूलभूत काम झालं. पाय दाबायचे नसल्यामुळे पायांच्या धमन्या खराब असलेल्यांसाठी तो आकर्षक आहे. पण अभ्यास लहान आहेत. मिळत असेल तर तो संशोधनाचा भाग म्हणून, जोखीम समजून घ्यावा.

शिरेतून औषध सोडून ब्लॉकेज विरघळवण्याचं आश्वासन देणारं चिलेशन अनेकदा ईईसीपीच्या जोडीने पुढे केलं जातं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवरच्या टॅक्ट-२ या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर वेळ आणि पैसा घालवू नये.

ईईसीपीनंतरही वहीतली पानं तशीच राहिली, तर विचारण्यासारखे दोन उपाय आहेत : हृदयाच्या मुख्य शिरेत तिला अरुंद करणारी छोटी जाळी बसवणं, ज्याला कोरोनरी सायनस रिड्यूसर म्हणतात, आणि मणक्याजवळ विद्युत उत्तेजक बसवणं. दोन्हींसाठी शरीरात उपकरण घालावं लागतं, म्हणून ते ईईसीपीनंतरच्या पायरीवर येतात. डॉक्टरांकडे जाताना आधीची आणि नंतरची, दोन्ही पानं सोबत न्या.